कानाला विचारा

स्पीकर तपासायला लावलेला सूर वर चढत गेला, बारीक होत होत सुईच्या टोकाएवढा झाला आणि संपला. त्याने बटण बंद करायला हात पुढे केला आणि सहज मान वळवून पाहिलं, तर बायको इस्त्रीच्या टेबलापाशी डोळे मिटून, ओठ दाबून उभी होती. लिंबाची फोड चावल्यावर माणसाचं तोंड होतं तसं तिचं तोंड झालं होतं. इस्त्री तिने कडेला उभी करून ठेवली होती. त्याला वाटलं, हिला चटका बसला. तो विचारणार एवढ्यात तिचे खांदे खाली आले, चेहरा सैल झाला आणि तिने पुन्हा इस्त्री उचलली.

"काय झालं गं?"

"काही नाही. संपलं ना एकदाचं?"

"केव्हाच संपलं."

"आत्ता संपलं," ती म्हणाली आणि शर्टाची बाही पसरून तिच्यावर पाणी शिंपडू लागली.

तिच्या बोलण्यात विशेष काही नव्हतं. दूध आत्ता आलं, पेपर आत्ता आला, तसंच ते. पण त्याच्या मनात पाल चुकचुकली. 'केव्हाच' आणि 'आत्ता' यांच्यामध्ये जो वेळ गेला त्या वेळात खोलीत काय होतं? त्याच्या लेखी काहीच नव्हतं. पंखा बंद होता, खिडकी लावलेली होती, दुपार असल्यामुळे रस्ताही निजलेला होता, आणि त्याचे दोन स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे आपापल्या तिवईवर गप्प उभे होते. त्या गप्पपणात ती तोंड वेडंवाकडं करून उभी होती. तिला भास झाला असेल, असं त्याने ठरवून टाकलं. बायकांना काहीही ऐकू येतं. मग त्याने वायरी सोडल्या, डाव्या स्पीकरचा ट्विटर, म्हणजे बारीक सूर काढणारा छोटा भोंगा, उजव्यात आणि उजव्याचा डाव्यात बसवला, स्क्रू पुन्हा कसले, आणि हे आपण का करतो आहोत याचा विचार केला नाही. भास तिला झाला असेल तर स्पीकर कशाला खोलायचे, हा साधा प्रश्न त्याने मनात येऊच दिला नाही.

स्पीकर त्याने स्वतः बांधले होते. विकत घेता आले असते, पण विकतच्या वस्तूला 'तू अशी का?' असं विचारता येत नाही, आणि त्याला विचारायचं होतं. गेल्या हिवाळ्यात वखारीतून जाड प्लायवुडचे तक्ते आणले, सुताराकडून काटकोनात कापून घेतले, आणि मग कितीतरी आठवडे निजायच्या खोलीत सरसाचा वास होता. शिकंज्यात आवळलेले खोके पलंगाच्या पायथ्याशी उभे असत आणि उठताना बायकोची करंगळी हटकून त्यांना ठेचकाळे. "घरात आता आपण दोघं आणि हे दोघं," ती म्हणायची. आतून आडव्या पट्ट्या मारल्या, म्हणजे खोका स्वतः बोलू नये. बोलायचं ते स्पीकरने, खोक्याने तोंड मिटून राहायचं, हा पहिला नियम. पोटात जुन्या उशांचा कापूस भरला. खर्जाला श्वास घ्यायला मागच्या बाजूला नळी बसवली. कॉइल हाताने गुंडाळली, वेढा चुकला म्हणून उलगडली, पुन्हा गुंडाळली. कथलाचे डाग देताना ती शेजारी दिवा धरून उभी राहायची आणि धूर तोंडावर आला की तोंड फिरवायची. पहिल्या संध्याकाळी त्यांनी त्या बाईचं गाणं लावलं. ती बाई दोघांनाही लग्नाच्या आधीपासून, वेगवेगळ्या घरांत आवडायची. तेव्हा बायको पदराला हात पुसत आली, ती गाणं संपेपर्यंत उभीच राहिली. "अहो, ही तर समोर बसलीये," ती म्हणाली. आयुष्यात त्याला कुणी इतकं चांगलं म्हटलं नव्हतं.

समाधान तिथेच मानायला हवं होतं. पण स्वतः बांधणाऱ्या माणसाचं समाधान म्हणजे शेवटचा स्क्रू कसायचा राहिलेला. काही दिवसांनी त्याला वाटू लागलं की आवाज जरा दबलेला आहे. ट्विटरच्या आधी एक लहानसा पांढरा रेझिस्टन्स असतो, खडूच्या तुकड्याएवढा. ट्विटर मूळचा आगाऊ, त्याला जरा मागे धरून ठेवायचं एवढंच याचं काम. सुट्या भागांच्या दुकानातल्या मामांना त्याने विचारलं. सगळे त्यांना मामाच म्हणत, भाचा मात्र कुणी कधी पाहिला नव्हता. मामा चष्म्यावरून बघत म्हणाले, "गणित तुम्हाला दारापर्यंत आणून सोडतं. पुढचं कानाला विचारायचं. कान खोटं बोलत नाही." या छंदातला हा वेदच आहे, सगळे हेच सांगतात. त्याने कानाला विचारलं. कान म्हणाला, रेझिस्टन्स कमी कर. कमी केल्यावर आवाज उघडला, बाईच्या बांगड्यासुद्धा ऐकू यायला लागल्या असं त्याला वाटलं. उन्हाळ्यात कान म्हणाला, अजून थोडा. मग अजून थोडा. गेल्या महिन्यात त्याने तो तुकडा काढूनच टाकला आणि दोन टोकं सरळ जोडून डाग दिला. त्या दिवशी कारखान्यातला एक मित्र मुद्दाम ऐकायला आला होता. तो अर्ध्या गाण्यात उठला, काहीतरी काम आठवलं म्हणाला. जाताना दारात चप्पल घालत म्हणाला, "फार स्पष्ट आहे हो." याने ते कौतुक म्हणून घेतलं. आपला तो बाब्या.

बायको बाजारात गेल्यावर त्याने दार लावून घेतलं. मोबाईलवर आवाज मोजायचं एक फुकटचं ॲप होतं. मामांना मोबाईलने मोजणं आवडत नसे, म्हणून त्यानेही ते कधी उघडलं नव्हतं. खुर्चीच्या पाठीवर मोबाईल टेकवून त्याने सूर लावला. पडद्याच्या डाव्या टोकाला एक हिरवी काडी उभी राहिली आणि उजवीकडे चालू लागली. सूर चढत होता तसतशी काडी पुढे सरकत होती, दोघं बरोबर होते, आणि त्याला बरं वाटलं. मग सूर बारीक झाला, सुई झाला आणि संपला. काडी चालत होती. खोलीत काही नव्हतं आणि काडी चालत होती. आधीपेक्षा उंच होऊन, ताठ मानेने ती उजव्या काठाकडे निघाली होती. मोबाईल बिघडला असेल म्हणून त्याने सूर पुन्हा पहिल्यापासून लावला आणि काडी एकटी पडली तेव्हा मोबाईलच्या माईकवर अंगठा दाबून धरला. काडी खाली बसली. अंगठा काढला, काडी उठली. पुन्हा दाबला, पुन्हा काढला. अंगठ्याखाली मोबाईलला ऐकू येत नव्हतं आणि अंगठा काढला की येत होतं, म्हणजे आवाज होता, या खोलीत, या क्षणी, त्याच्या तोंडासमोर. अंगठा काढताना धक्का लागून मोबाईल खुर्चीवरून खाली पडला आणि पडल्याचा आवाज मात्र त्याला अगदी नीट ऐकू आला.

ॲपमध्ये सगळ्या सुरांची मिळून एक रेघ निघते. चांगल्या स्पीकरची रेघ सपाट असावी, टेबलाच्या कडेसारखी. त्याच्या स्पीकरची रेघ अर्ध्यापर्यंत सपाट होती आणि नंतर टेकडी चढावी तशी वर गेली होती. हा चढ त्याच्या हातचा होता. हिवाळ्यात इथे चढ नव्हता. उन्हाळ्यात थोडा आला, मग थोडा वाढला, आणि गेल्या महिन्यात तो तुकडा काढल्यावर कडाच झाला. जे जे कानातून गेलं ते ते त्याने स्पीकरमध्ये घातलं होतं, आणि दर वेळी 'आता खरं उघडलं' म्हणून खूश झाला होता. पावसाळा सरत आला तरी तो त्याच चढावर होता. कान खोटं बोलत नाही म्हणे. मग हे काय होतं? त्याने मोबाईल पालथा घालून ठेवला आणि त्याच्यावर रुमाल टाकला. रुमाल कशासाठी टाकला हे त्यालाही सांगता आलं नसतं.

मग तो खोलीच्या मध्ये उभा राहिला आणि ऐकू लागला. खालून एक स्कूटर गेली. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली. हे येतंय, तेही येतंय, असं तो मनात मोजत गेला आणि मोजता मोजता आणखीनच घाबरला, कारण जे येतं तेवढंच मोजता येतं. जे येत नाही ते कसं मोजणार? कदाचित आत्ता या खोलीत पुष्कळ काही वाजत असेल. दिव्याची नळी वाजत असेल, फ्रीज वाजत असेल, खिडकीच्या फटीतून वारा शीळ घालत असेल, आणि ते सगळं ती रोज ऐकत असेल, शेजारी ऐकत असतील, रस्त्यावरचं कुत्रंही ऐकत असेल. फक्त तो त्यात ओळख नसलेल्या लग्नघरात बसावं तसा बसत होता. त्याने रुमालावर नख ओढलं. नखाची हालचाल दिसली. कागद घेऊन कानाजवळ चुरगळला. काहीतरी ऐकू आलं, पण कागद असा वाजायचा का पूर्वी? कागद पूर्वी कसा वाजायचा हेच त्याला आठवेना. गेलेली वस्तू कोणती हे विसरल्यावर हरवल्याची तक्रार तरी कुठे करायची?

बाबा छापखान्यात होते. यंत्रांच्या खडखडाटात बावीसेक वर्षं उभं राहून त्यांचे कान गेले, आणि कुणी तसं म्हटलं की ते उठून आत जायचे. म्हणून घरात कुणी म्हणायचं नाही. जेवताना सगळे एका टेबलाशी बसत. बाबा सगळ्यांची तोंडं बघत जेवायचे. कुणी काही गमतीचं बोललं की सगळे हसत, आणि सगळ्यांचं हसू ओसरायला लागलं की बाबा हसायचे. त्यांचं हसू नेहमी शेवटी यायचं आणि जरा मोठं यायचं. लहानपणी त्याला त्या हसण्याची भीती वाटायची. अंधारात जिन्याची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं त्याच्या पोटात होई. आई तर बाबांच्या समोर बसून बाबांबद्दल बोलायची. आवाज किंचित खाली आणून, पण कुजबुज नाही. "यांच्यासमोर काहीही बोला, भिंत आहे नुसती," असं ती एकदा मावशीला म्हणाली, बाबांना वाढता वाढता. बाबांनी मान वर केली नाही. घास मोडला, खाल्ला, दुसरा मोडला. पण त्या दिवशी ते शेवटी हसायलाही विसरले. बाबांना ते ऐकू गेलं होतं का, हे त्याला आजवर कळलेलं नव्हतं. भिंतीला कान असतात असं म्हणतात. ही भिंत कोणत्या जातीची होती? बहिरेपणाची त्याला तितकी भीती नव्हती. बहिरा माणूस निदान शांततेत असतो. भीती होती ती टेबलाची. आपल्याच टेबलाशी बसून आपली गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी चाललेली बघायची, आणि तोंडं बघून हसायचं.

आणि नोकरी. तो पंपांच्या कारखान्यात तपासनीस होता. पंप चालू करायचा, लांब पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि ऐकायचं. बरं बेअरिंग घुमतं, बिघडायला लागलेलं आधी अगदी बारीक शीळ घालतं. शीळ ऐकू आली की पंप बाजूला. नाही आली की पंपावर खडूने बरोबरची खूण, आणि पंप बाहेर, कुणाच्या तरी गच्चीवर, कुणाच्या तरी शेतावर, एखाद्या दवाखान्याच्या तळघरात. गेल्या काही महिन्यांत त्याच्या खुणेचे पंप परत यायला लागले होते. साहेब एक घेऊन स्वतः आले होते. "शिट्टी मारतोय हो हा," ते म्हणाले. त्याने पेचकस लावला. बेअरिंग घुमत होतं, छान, गोल. "काही नाही साहेब. गिऱ्हाईकांना काय, पैसे परत हवे असतात." साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." तो 'बरं' आता त्याला पुन्हा ऐकू आला. तोंड बघून हसणाऱ्याला लोक असंच 'बरं' म्हणतात. तसंच ते घड्याळ. मनगटावरच्या घड्याळाचा गजर वाजेनासा झाला म्हणून तो दुरुस्तीवाल्याकडे भांडला होता. दुरुस्तीवाल्याने घड्याळ कानाशी नेलं, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा कानाशी नेलं आणि "बदलून देतो" म्हणून आत गेला. परत आणल्यावरही ते वाजलं नाहीच. याने त्याला चोर ठरवलं होतं. चोराने एक पैसा घेतला नव्हता, हे त्याला आत्ता आठवलं.

एकेक धागा ओढायला लागल्यावर सगळी वीणच उसवत गेली. बायको हल्ली स्वयंपाकघरातून हाक मारत नसे, उठून दारापर्यंत येत असे. समोर आली, नजरेला नजर मिळाली, की मग बोलायची. याला वाटायचं, वयाबरोबर तिच्यात मऊपणा आलाय. फोन वाजला की ती "तुमचा फोन" म्हणायची, जरी तो हाताशी असला तरी. बाहेर कुणाकडे गेलं की ती त्याच्या डाव्या बाजूला बसायची, आणि कुणी हळू बोललं तर तेच वाक्य प्रश्न करून मोठ्याने म्हणायची. "काय, घर विकताय?" म्हणजे त्याला कळायचं की ते घर विकताहेत. त्याला वाटायचं, हिला लोकांच्या भानगडीत भारी रस. ही माहिती तिला कधीपासून होती? किंवा ती काहीच न ठरवता, पाणी उताराकडे जातं तशी, त्याच्या कानांच्या आकाराप्रमाणे वळत गेली होती? आणि समजा, माहीत असेल, तर ती हे आणखी कुणाशी बोलली असेल? दारात येऊन, आवाज किंचित खाली आणून?

ती परत आली तेव्हा तो तिच्या खुर्चीत बसला होता. संध्याकाळी गाणी लावली की ती या खुर्चीत विणत बसे. विणकामाची टोपली खाली होती. काहीतरी करायचं म्हणून त्याने उशी पाठीमागून ओढली, तर उशीच्या खोबणीत बोटाला मऊ लागलं. कापसाचे दोन बोळे होते. एका टोकाला निमुळते, दाबून दाबून कानाच्या साच्याचे झालेले, आणि तिच्या केसांच्या तेलाचा वास येणारे. त्याला क्षणभर काही कळलं नाही. मग इतकं कळलं की त्याने ते तळहातात मिटून घेतले. रोज संध्याकाळी तो स्पीकरसमोर बसून बाईच्या बांगड्या ऐकत होता, मागे वळून "बघ, कसं उघडलंय" म्हणत होता, आणि ती कानांवरून केस ओढून, मान हलवून "हो ना" म्हणत होती. या कानाचं त्या कानाला तिने कळू दिलं नव्हतं. ती आत पिशवीतून भाजी काढत होती. त्याने बोळे होते तिथे परत ठेवले आणि उशी लावली. आपण चोरी करतो आहोत असं त्याला वाटलं, आणि खरं तर आपल्याच घरात आपण पकडले गेलो आहोत असंही वाटलं.

रविवारी मामांच्या दुकानाचं अर्धं दार उघडं असतं. त्याने मूळ नकाशातले रेझिस्टन्स मागितले. मामा खोकी धुंडाळता धुंडाळता काहीतरी बोलले. त्यांची पाठ होती. त्याला शब्दांचा नुसता ढीग ऐकू आला, कडा नसलेला. पूर्वी तो "हो ना" म्हणाला असता.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, परवापरवा काढत होतात, आता पुन्हा घालताय? ट्विटरने काय गुन्हा केला?"

"मोजून बघितलं."

"मोजून?" मामांनी खोक्यातून मान वर काढली. "आणि कान काय म्हणतोय?"

"कान..." तो थांबला. काउंटरच्या काचेखाली शेकडो लहानलहान तुकडे आपापल्या कप्प्यांत पडले होते. "कानाला नाही विचारलं."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं, साहेबांसारखंच. पण त्यांनी 'बरं' म्हटलं नाही. कागदात दोन पांढरे तुकडे गुंडाळून देत ते म्हणाले, "माझाही उजवा हल्ली आळशी झालाय. मी कुणाला सांगत नाही. धंदा आहे." आणि ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

दुपारभर तो डाग देत बसला. सरळ जोडलेली टोकं सोडवली, पांढरा तुकडा मध्ये बसवला, दुसऱ्या खोक्यातही बसवला. मोबाईल खुर्चीवर टेकवून सूर लावला आणि स्पीकरकडे न बघता, न ऐकता, फक्त रेघेकडे बघत राहिला. टेकडी उतरली होती. रेघ टेबलाच्या कडेसारखी झाली होती, हिवाळ्यात असेल तशी. मग त्याने बाईचं गाणं लावलं आणि डोळे मिटले. बाई दाराबाहेर होती. कुणीतरी तिच्या तोंडावर जाड चादर टाकली होती. बांगड्या नव्हत्या, शब्दांच्या कडा नव्हत्या, 'स' आणि 'श' नुसते वाफ झाले होते. हेच बरोबर होतं. सगळ्या जगाला बाई अशी समोर बसलेली ऐकू येत होती, आणि त्याला मात्र आता आयुष्यभर ही चादर. त्याला रडू आलं. रडण्याचा आवाज किती होतोय हे कळत नसल्यामुळे त्याने तोंडात रुमाल धरला. एकदा वाटलं, पुन्हा काढून टाकावा तो तुकडा, कुणाला काय कळणार आहे. ती कापूस घालते, घालू दे. सोमवारी पेचकस हाडाला लावावा, खडूने खूण करावी, सगळ्यांच्या नंतर हसावं. बाबांनी निभावलंच की. बाबांनी कसं निभावलं हे तो दर जेवणाला बघत होता, आणि ते पुन्हा डोळ्यांसमोर आलं तेव्हा त्याने डाग द्यायच्या सळईची पिन भिंतीतून काढली आणि वायर गुंडाळून ठेवली.

"ऐकायला ये," त्याने हाक मारली.

ती आली, खुर्चीत बसली, टोपली मांडीवर घेतली. त्याची पाठ होती तरी त्याला कळलं की आता ती उशीमागे हात घालते आहे. तो वळला नाही.

"आज कापूस नको घालू," तो म्हणाला.

मागे काही हललं नाही. किंवा हललं असेल, त्याला ऐकू आलं नसेल. शेवटी त्याला वळावंच लागलं. तिच्या हातात एक बोळा होता आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. चोरी तिची पकडली गेली होती की याची, हे तिलाही कळत नव्हतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"तुम्ही तो पांढरा तुकडा दुसऱ्यांदा बदललात ना, तेव्हापासून. डोकं दुखायला लागलं." ती सावकाश, तोंड पूर्ण उघडून बोलली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. आणि बोलायचं नाहीये. बाबांना कुणी विचारलं की ते उठून जायचे, मी बघितलंय. म्हणून नाही विचारलं."

"कुणाशी बोललीस?"

"कुणाशी बोलू? तुमच्याशी बोलल्याशिवाय?"

त्याला वाटलं होतं की या क्षणी भीती जाईल. भीती गेली नाही. ती फक्त जागा बदलून दोघांच्या मध्ये येऊन बसली, आणि आता ती दोघांना दिसत होती.

त्याने गाणं लावलं आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसला. स्पीकरकडे बघायचं सोडून त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चादरीच्या पलीकडून बाई गायला लागली. बायकोच्या कपाळावरची आठी सुटली. विणकाम मांडीवर पडलं. मग तिचे डोळे भरून आले, तिने ते पुसले नाहीत. किती महिन्यांनी ती हे ऐकत होती. तो हिवाळ्यातला चेहरा होता, पदराला हात पुसत उभी राहिली होती तेव्हाचा. एकाएकी तिने बोट वर केलं.

"बघा, ही ओळ उचलायच्या आधी कशी श्वास घेते. अगदी समोर बसल्यासारखी. ऐकलंत?"

तिचे ओठ किंचित उघडलेले होते, बाईबरोबर तिनेही श्वास घेतला होता. तो श्वास कुठे होता, केवढा होता, हे सगळं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. 'हो' म्हणायला काहीच लागलं नसतं. तोंड बघून, जरासं हसून. ते हसू त्याच्या ओठांपर्यंत येऊन पोचलंसुद्धा, जरा उशिरा, जरा मोठं, आणि त्याने ओळखलं की हे कुणाचं आहे.

"नाही," तो म्हणाला. "नाही ऐकू आलं."

तिने गाणं थांबवलं नाही. उद्या साहेबांकडे जावं लागेल, खुणेचे पंप परत मागवावे लागतील, मग कदाचित पेचकस दुसऱ्या कुणाच्या तरी हाडाला लागेल, हे सगळं तो बोलला की नुसतं मनात म्हणाला, त्यालाच कळलं नाही. तिने त्याचं मनगट हातात घेतलं. बाई दुसऱ्या ओळीशी आली आणि बायकोचं बोट त्याच्या मनगटावर हलकेच दाबलं गेलं. तिथे श्वास होता. पुन्हा एक ओळ, पुन्हा दाब. मग गाणं लांब आलापीत शिरलं आणि दाब येईना. त्याच्या मनगटावर तिचं बोट नुसतं टेकलेलं होतं. बाई श्वास घेत नाहीये, की हिचं लक्ष उडालंय, की ही दमली, हे विचारावं असं त्याला वाटलं. तो विचारणार होता, पण बोललं तर तेवढ्यात निसटेल, म्हणून तो श्वास रोखून बोटाची वाट बघत बसून राहिला.